पाच स्टार कोणी दिले?

दिवाळीच्या आधी घरात नवा मिक्सर आला. खोका उघडला, भांडी बाहेर काढली, थर्माकोल बाजूला केला, तर तळाशी एक चकचकीत कार्ड निघालं. त्यावर व्हॉट्सॅपचा नंबर आणि ठळक अक्षरात मजकूर: पाच स्टार द्या, फोटोसकट रिव्ह्यू लिहा, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा. खाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती. काही तक्रार असेल तर रिव्ह्यू लिहू नका, आधी आम्हाला फोन करा. मिक्सरमध्ये तोवर साधी चटणीही वाटून झाली नव्हती.

ते कार्ड मी टाकून दिलं नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंचा कारभार कसा चालतो हे समजून घ्यायला ते एकटं पुरेसं आहे. समाधानी माणसाला पैसे देऊन बोलतं करायचं आणि नाराज माणसाला गोड बोलून गप्प ठेवायचं, ही दोन्ही कामं त्या वीतभर कागदात उरकतात. मी तो मिक्सर ४.४ स्टार बघून घेतला होता. त्या ४.४ मध्ये शंभर-शंभर रुपयांचे स्टार किती, हे मला कळायला काहीच मार्ग नाही.

रिव्ह्यू ही खरं तर साक्ष असते. एखाद्या सुताराबद्दल, डॉक्टरबद्दल किंवा सोयरिकीबद्दल चौकशी करताना आपण नुसत्या 'चांगलं आहे' वर थांबत नाही. सांगणारा कोण, त्याचं त्यांच्याशी नातं काय, त्याने स्वतः अनुभव घेतलाय की ऐकीव सांगतोय, हे आपण नकळत तोलून बघतो. मोबाइलवर मात्र हजार जणांची साक्ष एका आकड्यात मिळते, आणि सरासरी काढली की साक्षीदार दिसेनासे होतात. म्हणून 'किती स्टार' हा प्रश्न मी मागाहून विचारते. आधी बघते ते असं: हे बोललं कोण, त्यांना बोलायला लावलं कोणी, आणि कोणाला बोलूच दिलं नाही.

एका आकड्यासाठी एवढा आटापिटा का चालतो, तर त्यात पैसा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचे येल्प या साइटवरचे स्टार आणि त्यांच्या उत्पन्नाचे सरकारी आकडे शेजारी ठेवून पाहिले. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा फरक स्वतंत्र, लहान मालकांच्या रेस्टॉरंटांना पडत होता. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांना जवळजवळ पडतच नव्हता, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. म्हणजे स्टारांची गरज सगळ्यात जास्त कोणाला, तर ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याला. मोहही त्यालाच जास्त पडतो आणि खोट्या रिव्ह्यूचा फटकाही त्यालाच जास्त बसतो.

माझी मावशी दापोलीच्या बाजूला घरगुती राहण्याजेवणाची सोय चालवते. खाली दोन खोल्या, माडीवर एक, मागे आगर. दोन वर्षांपूर्वी तिला एक फोन आला. माणूस अगदी आदबीने बोलत होता.

"काकू, तुमचे रिव्ह्यू फक्त वीस आहेत आणि रेटिंग ४. रस्त्यापलीकडच्यांचं ४.७ आहे. आम्ही महिन्याभरात पन्नास रिव्ह्यू टाकून देतो. सगळे पाच स्टार, सगळी नावं वेगवेगळी."

"अहो, पण जे इथे जेवलेच नाहीत, ते लिहिणार काय?"

"ते आम्ही बघतो, काकू."

मावशीने फोन ठेवला आणि मला लावला. मी कागद घेऊन हिशेब मांडला. वीस रिव्ह्यू, सरासरी ४, म्हणजे एकूण ८० स्टार. त्यात पन्नास रिव्ह्यू पाच-पाच स्टारांचे, म्हणजे २५०. झाले ३३० स्टार, भागिले ७० रिव्ह्यू. उत्तर ४.७. त्या माणसाने 'पन्नास' हा आकडा उगाच सांगितला नव्हता. आता हाच हिशेब हजार रिव्ह्यू असलेल्या जागेचा करून बघा. तिथे ४ वरून ४.७ वर जायला अडीच हजार खोटे रिव्ह्यू लागतील. म्हणून रिव्ह्यूंची संख्या लहान असते तिथे खोटं स्वस्त पडतं. नवीन दुकान, नवा ब्रँड, बाजारात कालपरवा आलेली इअरफोनची जोडी यांच्या ४.८ पेक्षा हजारो रिव्ह्यूंवर टिकून राहिलेला ४.२ मला जास्त भरवशाचा वाटतो. हजार म्हणजे सगळे खरेच, असं मात्र नाही. तिथे खोटं करायला खर्च जास्त येतो, एवढाच त्याचा अर्थ.

असा खर्च करणारेही असतात. ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने २०१९ मध्ये ज्या प्रकरणात कारवाई केली, ते आपल्याला एका वेगळ्या कारणाने जवळचं आहे. अमेझॉनवर पैसे देऊन टाकलेल्या खोट्या रिव्ह्यूंवर त्या आयोगाने हात घातलेलं हे पहिलंच प्रकरण. क्युअर एन्कॅप्सुलेशन्स नावाची कंपनी वजन घटवण्याच्या गोळ्या विकायची. गोळ्यांमध्ये होतं गार्सिनिया कम्बोजिया, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. कोकम हे गार्सिनिया इंडिका, आणि केरळात माशाच्या आमटीला आंबटपणा आणतात ती कुडमपुळी हे गार्सिनिया कम्बोजिया. अशा फळाच्या अर्काची गोळी चरबी जाळते असं सांगून विकली जात होती. कंपनीच्या मालकाने रिव्ह्यू विकणाऱ्या एका वेबसाइटला १,००० डॉलर दिले आणि कळवलं की विक्री व्हायची तर माझ्या मालाचं रेटिंग ५ पैकी किमान ४.३ राहायला हवं. ४.३ हा आकडा नीट लक्षात घ्या. आपण ग्राहक कुठल्या आकड्याखाली बघतच नाही, हे विकणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

दंड ठरला १ कोटी २८ लाख डॉलर. त्यातले ५० हजार आणि थकलेला कर भरला की बाकीची रक्कम स्थगित, अशी तडजोड झाली. खोट्या रिव्ह्यूने फार तर शंभर-दोनशे रुपये बुडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. गार्सिनिया कम्बोजियाच्या गोळ्या घेतल्यावर यकृत निकामी होण्यापर्यंत मजल गेल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. पाच स्टार बघून कोणीतरी ती गोळी रोज पाण्याबरोबर घेत होतं.

बाहेरच्या माणसाकडून रिव्ह्यू विकत घ्यायचे, हा झाला एक प्रकार. कधी ते घरातच लिहिले जातात. संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत वरूनच फर्मान निघालं होतं: कर्मचाऱ्यांनी निरनिराळ्या नावांनी खाती उघडायची, आपण कुठून लिहितोय हे कळू नये अशी तजवीज करायची, आपल्याच मालाची तारीफ लिहायची आणि कोणी वाईट लिहिलं असेल तर त्याला नापसंतीचा अंगठा देत राहायचं, म्हणजे तो रिव्ह्यू काढला जाईल. २०१८ मध्ये हे उघडकीस आलं आणि २०१९ मध्ये त्याच आयोगाने समज देऊन समझोता केला, दंड शून्य. मला हे पटत नाही. ज्या चोरीला शिक्षा नाही ती दुसऱ्या दिवशी शेजारचा करतो.

गप्प बसवण्याचा प्रकार याहून अवघड, कारण त्यात एकही शब्द खोटा लिहावा लागत नाही. फॅशन नोव्हा हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान चार आणि पाच स्टारचे रिव्ह्यू आपोआप छापायचं आणि त्याखालचे मंजुरीसाठी अडवून ठेवायचं. ती मंजुरी कधी मिळतच नव्हती. अशी काही लाख मतं दडपली गेली. याच आयोगाच्या कारवाईत २०२२ मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर भरले. तिथे दिसणारा प्रत्येक रिव्ह्यू खऱ्या बाईने खऱ्या कपड्याबद्दल लिहिलेला होता, आणि तरी सगळं मिळून ते पान खोटं होतं. माझ्या मिक्सरच्या कार्डावरची ती बारीक ओळ याच जातीची. तक्रार असेल तर आधी आम्हाला फोन करा. ऐकायला किती सौजन्याचं वाटतं.

शेजाऱ्याचाही विचार करायला हवा. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हलिए या तीन संशोधकांनी २०१४ मध्ये एक छान युक्ती केली. हॉटेलांचे रिव्ह्यू दोन साइटवर असतात. एक्स्पीडियावर लिहायचं तर खोली बुक केलेली असावी लागे. ट्रिपॲडव्हायझरवर कोणीही लिहू शके. त्यांनी तीच हॉटेलं दोन्हीकडे तपासली. ज्या हॉटेलाच्या अगदी शेजारी प्रतिस्पर्धी होता, त्याच्या नावाने ट्रिपॲडव्हायझरवर वाईट रिव्ह्यूंचं प्रमाण एक्स्पीडियाच्या मानाने जास्त निघालं. कोणा एकाला खोटं पाडता आलं नाही, पण पाऊलखुणा स्पष्ट दिसल्या. त्यामुळे ज्याने खरेदी केली त्यालाच लिहिता येतं की कोणालाही, हे आधी पाहावं. गुगल मॅपवर कोणीही लिहू शकतं. 'व्हेरिफाइड खरेदी' असा शिक्का असेल तर थोडा जास्त भरवसा, पण पुरता नव्हे. विक्रेते आपल्याच माणसांच्या नावाने ऑर्डर टाकतात, कधी रिकामं पाकीट पाठवतात आणि शिक्क्यासकट रिव्ह्यू पदरात पाडून घेतात.

हे सगळं किती दूर जाऊ शकतं, त्याचं लंडनमधलं एक उदाहरण मी वारंवार सांगते. ऊबा बटलर नावाचा एक पत्रकार पूर्वी रेस्टॉरंटांसाठी खोटे रिव्ह्यू लिहून पैसे मिळवायचा. २०१७ मध्ये त्याने दक्षिण लंडनच्या डलिच भागातली आपली परसातली शेड ट्रिपॲडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली. नाव दिलं 'द शेड ॲट डलिच'. पत्ता अर्धवट, वेळ फक्त आगाऊ ठरवून. पदार्थांचे फोटो देखणे होते, पण ते बनले होते दाढीच्या फेसाचे आणि ब्लीचच्या गोळ्यांचे. एका फोटोत तर ताटात त्याचं स्वतःचं पाऊल होतं. मग मित्रमैत्रिणी कामाला लागले. प्रत्येकाने आपल्या फोनवरून, आपल्या खात्यावरून, आपल्या भाषेत लिहिलं. ते रेस्टॉरंट लंडनच्या यादीत १८,१४९ व्या नंबरापासून निघालं आणि नोव्हेंबरमध्ये पहिल्या नंबरावर पोचलं. तोवर तिथे एकही माणूस जेवला नव्हता.

मला या गोष्टीत फोन वाजत राहिला ते सगळ्यात जास्त खटकतं. लोक जागा मिळावी म्हणून विनवण्या करत होते, आणि 'सगळं भरलंय' हे उत्तर ऐकून त्यांची ओढ वाढतच गेली. साइटच्या मशीनला एका ठिकाणाहून आलेले शंभर रिव्ह्यू पकडता येतात. शंभर खरी माणसं शंभर ठिकाणांहून ठरवून खोटं बोलली, तर मशीनपुढे फारसा उपाय उरत नाही. आपल्याकडे लग्नाच्या हॉलचं किंवा क्लासचं उद्घाटन झालं की नात्यातले, मित्रमंडळी, शाळेचा ग्रुप मिळून एका संध्याकाळी तीस-चाळीस पाच स्टार टाकतात. त्यामागे कौतुक असतं, कपट नसतं. पण महिन्याभराने तिथे पैसे भरणाऱ्या अनोळखी माणसाला ते कौतुक अनुभव म्हणून वाचायला मिळतं.

तसंच हॉटेलातलं. बिल आलं की पोऱ्या मोबाइल पुढे करतो. "मॅडम, गुगलवर पाच स्टार द्या ना. माझं नावपण टाका." तो समोर उभा असतो, त्याने मघाशी हसून पाणी वाढलेलं असतं, त्याच्या मालकाने त्याला आठवड्याला इतके रिव्ह्यू आणायला सांगितलेलं असतं. अशा वेळी तीन स्टार द्यायला दगडाचं काळीज लागतं. मीही पाच दिलेत. अशा जागेचे रिव्ह्यू वाचताना 'अमुकने खूप छान सर्व्हिस दिली' अशी नावानिशी वाक्यं रांगेने दिसली, की ते जेवणाबद्दलचं मत नाही, एवढं ओळखावं. रिव्ह्यू मागण्यात गैर काही नाही. 'जसं वाटलं तसं लिहा' हे मागणं वेगळं आणि 'पाच स्टार लिहा' हे मागणं वेगळं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने नेमकी हीच रेघ ओढली. ठरावीक सुराचा रिव्ह्यू लिहिण्याच्या अटीवर बक्षीस देणं तिथे आता बेकायदा आहे, आणि यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यूही त्याच नियमात बसतात. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घातली.

आता मावशीचा प्रश्न. जेवलेच नाहीत ते लिहिणार काय? त्याचं उत्तर कॉर्नेल विद्यापीठात मिळालं. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी शिकागोतल्या २० हॉटेलांबद्दल ४०० खोटे रिव्ह्यू मुद्दाम लिहवून घेतले, प्रत्येकी एक डॉलर देऊन. लिहिणारा कधी तिथे राहिला नव्हता. त्यांच्याजोडीला त्याच हॉटेलांचे ४०० खरे वाटणारे रिव्ह्यू ठेवले आणि वेगळे करायला माणसं बसवली. माणसांचं उत्तर छापा-काट्याच्या जेमतेम वर गेलं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामने मात्र शंभरात नव्वदच्या आसपास बरोबर ओळखले.

प्रोग्रामला काय दिसलं? जो तिथे राहिला होता तो जागेबद्दल लिहीत होता. बाथरूम, मजला, खोली लहान आहे, रस्त्याचा आवाज येतो. जो राहिला नव्हता त्याच्याकडे जागाच नव्हती, म्हणून तो स्वतःबद्दल लिहीत होता. मी, माझा नवरा, आमची सुट्टी, माझा कामाचा दौरा, आणि अनुभव किती अविस्मरणीय. कल्पनेने लिहिणाऱ्याला भावना सुचते. नळाला गरम पाणी यायला किती वेळ लागतो, हे सुचत नाही.

हा प्रयोग झाला तेव्हा खोटं लिहायला माणूस लागायचा. आता यंत्राला सांगितलं की ते बाथरूम, मजला आणि नळसुद्धा घालून देतं, मराठीतसुद्धा. त्यामुळे नुसत्या भाषेवरून ओळखण्याचे दिवस सरत चाललेत. बारकावा खरा आहे का, हे बाकीच्यांशी ताडून बघावं लागतं. चार अनोळखी माणसं, वेगवेगळ्या महिन्यांत, एकच खोट सांगत असतील तर ती खोट आहे. मी ज्या क्रमाने वाचते तो सांगते. आधी 'सर्वांत नवीन' हे बटण दाबते, कारण पैसे देऊन चढवलेलं रेटिंग पैसे थांबले की उतरतं. फेसबुकवरच्या गटांमधून अमेझॉनसाठी रिव्ह्यू विकत घेणाऱ्या सुमारे दीड हजार वस्तूंवर संशोधकांनी नजर ठेवली होती, तेव्हा हेच दिसलं: विक्रेत्याने खरेदी थांबवली की खऱ्या ग्राहकांचे एक स्टार येऊ लागतात. मग दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू वाचते. तिथे लिहिणाऱ्याला ना पैसे मिळालेले असतात, ना तो संतापलेला असतो. ग्राहकांनी स्वतः काढलेले, खराब उजेडातले फोटो बघते. आणि शंका आली तर लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याने आणखी काय लिहिलंय ते बघते. एकाच दिवशी नागपूरचा दंतवैद्य, कोचीची टॅक्सी आणि पनवेलचं फर्निचर यांना पाच-पाच स्टार देणारा माणूस नेमका राहतो कुठे?

कधी कधी तो आपल्याच इमारतीत राहतो, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. माझ्या नात्यातल्या एका मुलाला कॉलेज संपल्यावर नोकरी नव्हती. व्हॉट्सॅपवर मेसेज आला: घरबसल्या काम, हॉटेलांना गुगलवर पाच स्टार द्या, प्रत्येक रिव्ह्यूचे पैसे मिळतील. त्याने तीन हॉटेलांना दिले, खात्यात दीडशे रुपये आले. पुन्हा तीन, पुन्हा पैसे. मग त्याला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे शेकडो जण रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होते, आणि ते सगळे बनावट होते. पुढे 'प्रीपेड टास्क' आला. आधी हजार भरा, तेराशे घ्या. मिळाले. मग दहा हजार, मग चाळीस. मग पैसे अडकले, सोडवायला 'टॅक्स' भरा. त्याने आईची ठेव मोडली. पोलिस याला टास्क फ्रॉड म्हणतात, आणि पुण्या-मुंबईच्या सायबर ठाण्यांत या तक्रारींची रीघ लागलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्या. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० वर, फोन करायचा, कारण रक्कम खात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती वाचते. आणि त्या मुलाने सुरुवातीला दिलेले पाच स्टार अजून त्या हॉटेलांच्या नावावर आहेत. तो त्यांतल्या एकाही गावी गेलेला नाही.

रिव्ह्यू अनोळखी माणसाचा असतो. रीलमध्ये बोलणारी व्यक्ती ओळखीची वाटते, म्हणून तिथे आपण जास्त सैल असतो. रोज सकाळी जिचा स्वयंपाक बघतो ती मुलगी 'ताई, हा तवा मी स्वतः वापरते' म्हणाली, की ते शेजारणीने सांगितल्यासारखं वाटतं. तिला त्या तव्याचे पैसे मिळाले असतील, तवा फुकट आला असेल किंवा त्या लिंकवरून विकल्या गेलेल्या प्रत्येक तव्यामागे कमिशन असेल. त्यांच्या बोलीत याला कोलॅब, बार्टर, पीआर पॅकेज म्हणतात. हे करणं गुन्हा नाही, ती तिची रोजीरोटी आहे. लपवणं गैर आहे.

आपल्याकडचे नियम याबाबत बरेच स्पष्ट आहेत, फक्त ते लोकांपर्यंत पोचलेले नाहीत. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका काढली. पैसे, सवलत, फुकट वस्तू, सहल, इतकंच काय, नातं किंवा नोकरी, असा कुठलाही संबंध असेल तर तो सांगायचा. हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात दडवायचा नाही. व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच सांगायचा, खालच्या मजकुरात नुसता टाकून भागत नाही. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ दिसला पाहिजे. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नियम: शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. अस्सल मालवणीत किंवा वऱ्हाडीत दहा मिनिटं बोलायचं आणि कोपऱ्यात परक्या लिपीत 'Ad' अशी दोन बारीक अक्षरं टाकायची, याला खुलासा म्हणता येत नाही. माझ्या आईला ती अक्षरं दिसतही नाहीत. 'जाहिरात' हा शब्द मराठीत आहे, तो पाच अक्षरांचाही नाही, आणि तो ठळक लिहिता येतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. त्याला एक वर्ष, आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत कुठलीही शिफारस करायला बंदी घालता येते. दाव्याची आधी नीट शहानिशा केली होती असं दाखवता आलं, तर सुटका आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की जाहिरात फसवी निघाली तर सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर तितकेच जबाबदार आहेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून रिव्ह्यू लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केलेलं आहे. रिव्ह्यू गोळा कसे करावेत, लिहिणारा खरा आहे हे कसं पडताळावं, ते छापावेत कसे, यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणलं. ते ऐच्छिक ठेवून आणलं, आणि तिथेच त्याची धार गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पाळायचं होतं तो आधीपासूनच पाळत होता.

मिक्सरच्या कार्डाचा फोटो काढून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. ज्या साइटवरून घेतला तिथेही 'या वस्तूबद्दल तक्रार करा' मध्ये तोच फोटो चढवला. मिक्सर तसा बरा आहे. ओलं खोबरं छान वाटलं जातं, पण लहान भांड्याचं झाकण सैल बसतं आणि सुकी चटणी वाटताना एका हाताने दाबून धरावं लागतं. हे तसंच लिहिलं आणि तीन स्टार दिले. शंभर रुपये घेतले नाहीत.

मावशीने त्या फोनवाल्याला पुन्हा उत्तर दिलं नाही. पुढच्या मे महिन्यात तिच्या पानावर एकविसावा रिव्ह्यू आला, चार स्टारचा. 'माडीवरच्या न्हाणीघराचं दार वर उचलून लावावं लागतं. पहाटे पंप सुरू झाला की जाग येते. सोलकढी दोनदा मागून घेतली, दोन्ही वेळा ताजी होती.' मावशी दोन दिवस खट्टू होती. "अगं, तोंडावर सांगितलं असतं तर?" असं तीनदा म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवून खालून रंधलं, वरची बिजागरी बदलली. मग तिने चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, त्या रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं: 'दार करून घेतलंय. पंप आता सातनंतर लावतो.'